‘ना’ काढून विचारा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काचसामान धुण्याचं काम एकाच माणसाने केलं. उंच, बारीक, खांद्यापासून टाचेपर्यंत एकाच मापाचा. कुठल्यातरी जुन्या तुकडीने त्याचं नाव ‘परीक्षानळी’ ठेवलं, पुढच्या तुकड्यांनी ते झिजवून ‘नळीकाका’ केलं, आणि मग शिक्षकांनीही तेच उचललं. हजेरीपटावरच्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

शालान्त परीक्षेत ते दोनदा आपटले होते, दोन्ही वेळा रसायनशास्त्रात. “आणि नोकरी कुठे लागली, तर रसायनांच्या बाटल्या पुसायला,” ते सांगायचे. “सूड उगवतायत माझ्यावर.”

मी त्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. नळीकाका हुशार होते असं मी म्हणणार नाही. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यातली निम्मी कुठल्याच कामाची नव्हती. नळीकाका नेमके होते. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर ती बाटली त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसायची. घरीसुद्धा तेच. दोन खोल्यांचं घर, बायको टेलिफोन केंद्रात. दिवसभर परक्यांशी बोलून बोलून ती घरी आली की गप्प. एकदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चित्र चिकटवलेलं दिसलं. ती म्हणाली, “मीठ कुठे आहे ते मला माहीत आहे हो बाई. यांना वाटतं मी उद्या विसरणार.” नळीकाका आतून म्हणाले, “तू नाही, मी विसरणार.”

त्यांची एक खोड मात्र मला अजिबात आवडायची नाही. “काका, चंचुपात्रं धुतली ना?” असं मी विचारलं की ते ‘हो’ म्हणायचे नाहीत. “किती धुतली ते विचारा, बाई.” किंवा नुसतं पात्र उचलून उजेडात धरायचे. मला घाई असायची. घाईतल्या माणसाला ‘हो’ हवं असतं, पात्र नको असतं.

ही खोड कुठून आली ते त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीचा पहिला महिना. तेव्हाच्या विज्ञानाच्या सरांनी चिठ्ठी निघालेली एक बाटली दाखवून विचारलं, “हे पाणीच आहे ना?” नळीकाकांना माहीत नव्हतं. पण ते म्हणाले, “हो सर.” ओतताना थोडं उडालं. ते पाणी नव्हतं. सौम्य आम्ल होतं म्हणून मनगटावर एक डाग राहिला, एवढ्यावर भागलं.

“माहीत नव्हतं तर हो कशाला म्हणालात?” मी विचारलं.

“सर ‘पाणीच आहे ना’ म्हणाले. म्हणजे त्यांनी उत्तर माझ्या हातात दिलं होतं, बाई. मी ते फक्त परत केलं.”

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. शहाणपणाचं वाटायला पुढे बराच वेळ गेला, आणि मधे एका मुलीला त्याची किंमत जवळजवळ मोजावी लागली. ती हकीकत सांगितल्याशिवाय नळीकाका कोण होते हे कळणार नाही.

मुलगी बारा वर्षांची, माझ्या सहावीच्या वर्गातली. तिच्या कागदांत डॉक्टरांचा अहवाल होता आणि त्यात ‘बौद्धिक अक्षमता’ असे दोन शब्द होते. अशा मुलांनाही नेहमीच्या शाळेत घ्यायचं असा नियम झाला होता, तेव्हा आम्ही घेतलं. घेणं म्हणजे एक बाक देणं, एवढंच आमच्या डोक्यात. तिला वीसपर्यंत मोजता यायचं, दोन-तीन अक्षरी शब्द वाचता यायचे. वर्गात आज कोण आलेलं नाही हे ती माझ्या हजेरीच्या आधी सांगायची. एका वेळी एक गोष्ट सांगितली तर करायची. “वही काढ, तारीख लिही आणि तिसरं गणित सोडव” असं म्हटलं की वही काढून बसायची, कारण बाकीचं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत सांडलेलं असायचं. मग मी जवळ जाऊन विचारायचे, “कळलं ना?” ती म्हणायची, “हो.” आणि काहीच करायची नाही. मी माझ्या मनाशी निदान करून टाकलं होतं: मुलगी हट्टी आहे.

पोरांनी तिचं नाव ‘होबाई’ ठेवलं होतं. काहीही विचारा, ती हो म्हणते. “होबाई, तुझा डबा मला देणार ना?” हो. “होबाई, तू माकड आहेस ना?” हो. मी दोघांना त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं. म्हणजे नाव मला माहीत होतं, त्याचा अर्थ माहीत होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आम्ही शहाण्या माणसांनी जे केलं ते त्या नावापुढे अधिकच वाईट दिसतं.

गणिताच्या तासाला ती प्रयोगशाळेत जाऊ लागली. त्यामागे माझा काही थोर विचार नव्हता. मला तास शांतपणे घ्यायचा होता. “काका, हिला जरा बसवून घ्या,” मी म्हटलं.

त्यांनी तिला बसवलं नाही, कामाला लावलं. पहिल्या आठवड्यात तिने सहा परीक्षानळ्या फोडल्या. मी म्हटलं, “काका, काच आहे ती.” ते म्हणाले, “मी पहिल्या आठवड्यात अकरा फोडल्या होत्या. फक्त माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.”

मग त्यांनी रसायनांच्या रिकाम्या खोक्यांचे सात पुठ्ठे कापले आणि प्रत्येकावर एकेक चित्र काढलं. ॲप्रन घालायचा. नळ उघडायचा. ब्रश आत फिरवायचा. दोनदा खळबळायचं. स्टँडवर उलटी ठेवायची. हात पुसायचे. आणि सातव्यावर नळाच्या डोक्यावर ठेवलेला हात: नळ घट्ट बंद. पुठ्ठे दोरीला ओळीने टांगले. एक काम झालं की कपड्यांचा चिमटा पुढच्या पुठ्ठ्यावर लावायचा. चिमटा शेवटच्या पुठ्ठ्यावर आला की काम संपलं, स्टुलावर बसायचं.

तोंडी ते काहीच सांगायचे नाहीत. आधी स्वतः करून दाखवायचे, मग तिच्या हाताला हात लावून करवून घ्यायचे, मग नुसते शेजारी उभे राहायचे, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हे व्हायला तीन महिने लागले. तीन महिन्यांनी ती पंचवीस नळ्या एकटीने धुवायची आणि एकही फुटायची नाही. तिला ते ‘साहेब’ म्हणायचे. “या साहेब, आज गर्दी आहे.” ती ॲप्रन घालायची आणि खरंच साहेबासारखी यायची.

त्या वर्षी एका सोमवारी सकाळी शाळा उघडली तर खालच्या मजल्यावर कार्यालयात घोट्याएवढं पाणी. वर प्रयोगशाळेतला एक नळ उघडा, बेसिनच्या जाळीत गाळणकागद अडकलेला. शनिवारी रस्त्यातल्या पाइपाची दुरुस्ती चालू होती म्हणून साडेदहापासून नळांना पाणी नव्हतं. ते कधीतरी रविवारी आलं आणि रात्रंदिवस वाहत राहिलं. कार्यालयाच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या. सगळ्या विषयांच्या. त्यांचा निळा लगदा झाला होता.

मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणसाला लवकरात लवकर कागद हवा असतो. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत कोण होतं? ती मुलगी. नळीकाका अर्धा तास खाली फाटकापाशी आलेली खोकी उतरवून घेत होते. तिला बोलावलं. टेबलापलीकडे मुख्याध्यापक, बाजूला कारकून, आणि वर्गशिक्षिका म्हणून मी. आवाज त्यांनी अगदी मऊ लावला होता.

“बाळ, शनिवारी नळाशी तू काम करत होतीस ना?”

“हो.”

“मग नळ तूच उघडा ठेवलास ना?”

“हो.”

“बंद करायला विसरलीस ना?”

“हो.”

कारकुनाने लिहून घेतलं. खाली तिने आपलं नाव काढलं, एकेक अक्षर बोटाएवढं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून हात पसरले. मी मान हलवली. होबाईने हो म्हटलं आणि आम्ही तिघं पदवीधर माणसं ते पुरावा म्हणून फाइलला लावून मोकळे झालो.

निर्णयही त्याच दिवशी ठरला. बसने सात तासांवरच्या गावात अशा मुलांची एक निवासी शाळा होती, तिथे एक जागा होती. शाळा चांगली होती की वाईट, मला माहीत नाही. आमच्यापैकी कोणीही ती पाहिलेली नव्हती. आईने गुरुवारी येऊन अर्जावर सही करायची, पुढच्या आठवड्यात मुलगी तिकडे.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घरात दोघीच. मी स्वतः दुकानात जाऊन तिला सांगितलं. तिने यंत्र बंद केलं आणि विचारलं, “ती म्हणाली, मी केलं म्हणून?” मी म्हटलं, हो. रात्री तिनेही लेकीला विचारलं असणार, आणि कसं विचारलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मला म्हणाली, “घरीही कबूल केलं. सही करते. पण तिला रात्री दार थोडं उघडं ठेवून झोपायची सवय आहे, ते तिथे कोणाला सांगायचं?”

नळीकाकांना हे सगळं बुधवारी कळलं. त्यांना स्वतःला एक मेमो मिळाला होता, तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता. मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बाई, शनिवारी मी वर आलो तेव्हा चिमटा सातव्या पुठ्ठ्यावर होता.”

“मग?”

“सातवा म्हणजे नळ बंद. ती पुठ्ठा करते, मग चिमटा लावते. उलटं कधी करत नाही.”

“काका, चिमटा काय साक्षीला उभा राहणार आहे?”

“तुमच्या त्या ‘हो’पेक्षा बरा राहील.”

“ती स्वतः म्हणाली, काका. मी तिथे होते.”

“विचारलं कसं?”

मी सांगितलं. जसंच्या तसं, तिन्ही प्रश्न. सांगता सांगताच माझा आवाज खाली गेला, कारण तिन्ही प्रश्नांच्या शेपट्या मला ऐकू आल्या. नळीकाका मनगट चोळत उभे राहिले. मग म्हणाले, “उद्या आई येईल तेव्हा मला पाच मिनिटं मिळवून द्या. एवढंच.”

गुरुवारी मी ती पाच मिनिटं मिळवली. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते, अर्ज टेबलावर होता, आई खुर्चीच्या कडेवर, मुलगी तिला चिकटून उभी. नळीकाका दारातच थांबले.

“साहेब,” ते मुलीला म्हणाले, “शनिवारी तुम्ही विमान चालवलंत ना?”

“हो.”

“सरांच्या खुर्चीचे पाय तुम्हीच कापलेत ना?”

“हो.”

मुख्याध्यापकांनी खाली बघितलं. खरंच बघितलं, मी शपथेवर सांगेन.

“परवा आभाळातून पाणी पडलं, ते तुम्हीच पाडलंत ना?”

“हो,” मुलगी म्हणाली. तिला वाटलं काका खूश आहेत, म्हणून तीही खूश झाली.

“आणि ही बाई तुमची आई नाहीच ना?”

“हो.”

आई उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला अजून आठवतो. “माझ्या मुलीचा तमाशा मांडलाय का तुम्ही?”

“नाही ताई. प्रश्नाचा मांडलाय,” नळीकाका म्हणाले. “शेवटचं विचारायला नको होतं, चुकलो. पण सोमवारी या खोलीत जो कागद झाला, तो याच प्रश्नांवर झालाय. तुम्ही घरीही असंच विचारलं असेल. आपल्याला जे ऐकायचं असतं ते आपण शेवटी ‘ना’ लावून तिच्या हातात देतो आणि ती परत करते. तिला वाटतं, मोठी माणसं हेच मागतायत.”

आई उभीच राहिली. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, “घरी मी तसंच विचारलं.”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. “बरं. मग दोन पर्याय देऊन विचारू. बाळ, नळ तू उघडा ठेवलास की काकांनी?”

“काकांनी.”

मुख्याध्यापकांची नजर नळीकाकांकडे गेली. “आता उलटं विचारा, सर,” नळीकाका म्हणाले.

“काकांनी ठेवला की तू?”

“मी.”

“शेवटचा शब्द उचलते ती,” नळीकाका म्हणाले. “तो तिच्या कानात ताजा असतो.”

“अहो, मग विचारायचं तरी कसं?” मुख्याध्यापक वैतागले.

“विचारायचंच नाही. वर चला.”

आम्ही चौघं तिच्या मागोमाग जिना चढलो. प्रयोगशाळेत नळीकाकांनी चिमटा पहिल्या पुठ्ठ्यावर लावला, पाण्याने भरलेली बादली बेसिनखाली सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “साहेब, शनिवार. खोकी आली होती, मी खाली गेलो. दाखवा.”

तिने ॲप्रन घातला. चिमटा सरकवला. नळ उघडला. आज पाणी होतं, ते आलं. तिला ते पटलं नाही. तिने मान हलवून नळ बंद केला आणि बादली पुढे ओढली. शनिवारी नळाला पाणी नव्हतं, हे आम्हाला कोणी सांगायची गरज उरली नाही. बादलीत नळ्या बुडवल्या, ब्रश फिरवला, खळबळल्या, उलट्या ठेवल्या, हात पुसले. आणि मग, नळ बंदच असताना, त्याच्या डोक्यावर हात ठेवून तो पुन्हा पिळला. जोर लावून, ओठ मुडपून. चिमटा सातव्या पुठ्ठ्यावर. ती स्टुलावर जाऊन बसली.

मुख्याध्यापक काहीतरी बोलणार होते. नळीकाकांनी बोट वर केलं.

ती स्टुलावरून उठली. दारापर्यंत गेली, वळली, आणि दुसरंच कोणीतरी होऊन आत आली. पावलं भरभर. डोळ्यांवरचा नसलेला चष्मा दोन बोटांनी कपाळावर चढवला. हातावरचा नसलेला खडू झटकला. नळाची चावी फर्रकन फिरवली, क्षणभर थांबली, “छे,” असं म्हणाली, खिशातला नसलेला रुमाल काढून बोटं पुसली, आणि आली तशी तडक निघून गेली.

नळ वाहत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने हात वर नेला. चष्मा माझ्या कपाळावर होता.

नळ मी बंद केला. त्याशिवाय त्या क्षणी मला काहीही सुचलं नाही. शनिवारी सहावीचा तास संपवून मी हात धुवायला तिथे शिरले होते, पाणी नव्हतं, निघून आले होते. कोरडा नळ उघडून तसाच सोडल्याचं कोण लक्षात ठेवतं? पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की स्टुलावर ती बसलेली होती आणि मला ते आठवतच नव्हतं. तिने मला बारकाव्यानिशी पाहिलं होतं. मी तिला पाहिलंच नव्हतं.

मुख्याध्यापक घसा साफ करत म्हणाले, “बाई, म्हणजे नळ तुम्हीच उघडा ठेवलात ना?”

“हो,” मी म्हटलं.

खिडकीपाशी नळीकाका खोकले. “सर, ‘ना’ काढून विचारा.”

आधी आई हसली. मग मुख्याध्यापक, आणि मग नाइलाजाने मी. मुलगी सगळ्यांत जास्त, कारण मोठी माणसं हसताना दिसणं तिला फार आवडायचं. मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारलं, “बाई, शनिवारी तुम्ही इथे येऊन काय केलंत?” मी पहिल्यापासून सांगितलं. कारकुनाने नंतर सोमवारचा कागद फाइलमधून काढला आणि माझा लावला. माझी सही तिच्यापेक्षा पुष्कळ लहान आली.

“ती तशीच स्टुलावर बसून राहिली, नळ उघडा दिसला तरी?” मुख्याध्यापकांनी नळीकाकांना विचारलं.

“तिचे सात पुठ्ठे झाले होते. दुसऱ्याने उघडलेला नळ हा आठवा पुठ्ठा. तो मी तिला दिलाच नव्हता. आता देतो.”

इथे प्रकरण संपलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आईला वाटलं नाही. हसू पुसून ती मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली.

“सर, नळ बाईंनी सोडला म्हणून माझी मुलगी राहिली. बाईंना कोणी सात तास लांब पाठवत नाही. तिने सोडला असता तर?”

प्रश्न बिनचूक होता. मी गणित शिकवते, मला बिनचूक प्रश्न ओळखता येतो.

“तर पाठवलं नसतं,” मुख्याध्यापक शेवटी म्हणाले.

“सोमवारी तर पाठवत होता.”

“सोमवारी चुकलो.”

“मग तेवढं लिहून द्या.”

त्यांनी दिलं. प्रयोगशाळेच्या टेबलावर, उभ्या उभ्या, शाळेच्या कागदावर: काम शिकताना झालेल्या चुकीसाठी या विद्यार्थिनीला शाळेतून काढलं जाणार नाही, चूक झाल्यास तिला ते काम पुन्हा शिकवलं जाईल. खाली सही, शिक्का. आईने कागद दोनदा वाचला, काचा घासणाऱ्या माणसासारखा उजेडात धरून. मग निवासी शाळेचा अर्ज मागून घेतला, चार तुकडे केले, आणि कचऱ्याची टोपली कुठे आहे ते विचारलं. नळीकाकांनी दाखवली. टोपलीवर टोपलीचंच चित्र होतं.

नंतरचं सगळं थोडक्यात सांगून टाकते. नववीने सहामाही परीक्षा पुन्हा दिली. त्या तुकडीतली माणसं आता आजोबा होत आली असतील, पण मला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. मेमो नळीकाकांकडून परत घेऊन मला देण्यात आला. “कळलं ना?” हे माझ्या तोंडून एका तासात किती वेळा निघतं ते मुलांनी मोजलं: एकतीस. ते सोडायला मला दोन वर्षं लागली. त्याऐवजी ‘दाखव’ म्हणायला लागले, तर असं दिसून आलं की न कळताच ‘हो’ म्हणणारी वर्गात ती एकटी नव्हती, आणखी चौदा होती. ती चौदा बुद्धीने धडधाकट होती, म्हणून इतकी वर्षं लपून राहिली होती. शिक्षकांच्या खोलीत याची चर्चा झाली, चिडचिडही झाली. एक जण म्हणाले, “अशाने अभ्यासक्रम संपायचा कधी?” मी म्हटलं, “आत्तापर्यंत तो आपलाच संपत होता, मुलांचा नाही.” त्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं, त्यामुळे माझा वेळ वाचला.

नळीकाकांनी मुलीला ‘नाही’ शिकवायचं ठरवलं. रोज दहा मिनिटं. “साहेब, मी बेडूक आहे?” हो. मग स्वतःकडे बोट, बेडकाच्या चित्राकडे बोट, आणि मोठ्याने “नाही.” किती आठवडे हे चाललं कोण जाणे. एका दुपारी मला वर्गात ऐकू आलं, प्रयोगशाळेतून एक खणखणीत ‘नाही’, आणि पाठोपाठ नळीकाकांच्या टाळ्या. मग मात्र महिना कठीण गेला. जेव नाही, ऊठ नाही, ॲप्रन नाही, बाई नाही. आईने येऊन तक्रार केली, “काका, सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं नाही-नाही. हे काय शिकवून ठेवलंत?” काका म्हणाले, “नवं आहे ना, ताई. वापरून बघतेय.” बोलता बोलता ‘ना’ लावला गेला हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

ती शाळेत आणखी पाच वर्षं होती, तिच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकांसह. नंतर रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काचसामानाच्या कामाला लागली, ते तिला आयुष्यभर पुरलं. नळीकाका निवृत्त झाले तेव्हा भाषण करा म्हणून फार आग्रह झाला. ते उभे राहिले, “करून दाखवता येण्यासारखं असतं तर केलं असतं,” म्हणाले, आणि बसले.

पण मला त्यांची आठवण येते ती त्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारची. शाळा भरायच्या आधी मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होते, माफीसारखं काहीतरी बोलायचं म्हणून. ते काही जमत नव्हतं. खाली फाटकातून मायलेकी आल्या. मुलगी वर्गात आली तेव्हापासून तिच्या आईला मी रोज बघत होते: मुलीला सोडून ती फाटकाबाहेर थांबायची, घंटा होईपर्यंत, कधी घंटा झाल्यावरही. कोणीतरी धावत येईल आणि हिला परत घेऊन जा म्हणेल, या तयारीने. त्या दिवशी तिने मुलीच्या खांद्यावर दप्तर नीट केलं, पाठीवर एक थाप मारली, आणि वळून सरळ रस्त्याला लागली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.

“आज लगेच गेली,” मी म्हटलं. “दुकानात उशीर होत असेल.”

“उशीर रोजच होत होता, बाई,” नळीकाका म्हणाले, आणि आठव्या पुठ्ठ्याला दोरी ओवायला भोक पाडू लागले.